फेरफाराची तारीख

आम्ही चिकलठाण्याला, विमानतळापासून हाकेच्या अंतरावर राहतो. विमान उतरू लागले की आमच्याकडे बोलणारा मनुष्य वाक्य अर्धवट सोडून थांबतो, आणि आवाज विरला की सोडल्या शब्दापासून पुन्हा सुरू करतो. नवख्या पाहुण्यांना याची गंमत वाटते. पण गेल्या आषाढात आमच्या घरात एक वाक्य असे अडले, की ते पुढे कसे न्यावे हेच आम्हांला कळेना. ते वाक्य अण्णांचे होते, आणि सांगायला अण्णा उरले नव्हते.

अण्णा म्हणजे माझे वडील. तलाठी म्हणून नोकरीला लागले आणि मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झाले. जन्मभर सातबारा आणि फेरफार यांत वावरलेला हा माणूस. वाण्याच्या यादीखालीसुद्धा सही करून तारीख घालायचा. “तारखेशिवायचा कागद म्हणजे बेवारशी पोर,” असे ते म्हणत. २०११ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, त्यांनी नवा कोरा संगणक घेतला आणि एका बोटाने आठवणी लिहायला घेतल्या. बोट एकच, पण चिकाटी दहांची. पुढे बारा-तेरा वर्षे दुपारच्या चहानंतर त्यांच्या खोलीतून टक्, टक् असा आवाज येत असे. पुढे पुढे तो आमच्या कानांना विमानासारखाच सरावाचा झाला.

अण्णांना जाऊन श्रावणात वर्ष होणार होते. वर्षश्राद्धाला त्यांच्या आठवणींची छोटी पुस्तिका छापून नातेवाइकांना वाटावी असे ठरले. मराठीचा प्राध्यापक घरात असताना संपादनाला बाहेर कशाला जायचे? मी मोठ्या उत्साहाने माझ्या संगणकावर त्यांचे लेखन उघडले, आणि पहिल्याच संध्याकाळी अडलो. कारण फाइली तीन होत्या. एकीचे नाव ‘आठवणी’, दुसरीचे ‘आठवणी नवीन’ आणि तिसरीचे ‘आठवणी अखेर’.

वाचकहो, आपल्या घरच्या संगणकातही अशी भावंडे नांदत असतील. ‘अर्ज’, ‘अर्ज नवा’, ‘अर्ज शेवटचा’, आणि त्याखाली ‘अर्ज अगदी शेवटचा’! नाव ठेवताना आपल्याला वाटते की आता काही बदलायचे नाही. मग चार दिवसांनी बदलावे लागते आणि नावाची अब्रू जाते.

तिन्ही फाइलींत नव्वद टक्के मजकूर एकच होता. फरक पडत होता तो माझ्या काकांपाशी. अण्णांचे हे एकुलते एक धाकटे भाऊ, जालन्याला शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. २०१२ साली शेताची वाटणी झाली, विहिरीकडचा तुकडा काकांच्या वाट्याला गेला, आणि दोघा भावांचे बोलणे थांबले. लग्नकार्यात एका पंगतीला बसत, पण मीठ वाढणाऱ्याकडे मागत, एकमेकांकडे मागत नसत. ‘आठवणी अखेर’ या फाइलीत त्या वाटणीवर एक सबंध परिच्छेद होता. भाषा सरकारी, पण प्रत्येक शब्द चाबकासारखा. ‘आठवणी नवीन’मध्ये तो परिच्छेद नव्हता. त्या जागी दुसराच प्रसंग होता. अण्णा मॅट्रिकच्या परीक्षेला तालुक्याला गेले आणि फीची पावती घरी विसरले, तेव्हा अकरा वर्षांचा धाकटा भाऊ मार्चच्या उन्हात तीन कोस अनवाणी धावत पावती घेऊन आला. त्याच्या तळपायांना आलेले फोड अण्णांनी मोजले होते. शेवटी एक वाक्य होते : ‘या पायांपुढे विहिरीचा हिशेब मांडायचा नाही.’

आता छापायचे कोणते?

आमच्या सौभाग्यवतींनी निकाल लगेच दिला. “अहो, यात विचार कसला? गोड तेवढं छापा. काका चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. वर्षश्राद्धाच्या पानावर बसवून त्यांना हे वाचायला देणार आहात का?”

“पण अण्णांचं अखेरचं म्हणणं काय होतं ते पाहायला नको?” मी म्हणालो. “फाइलीचं नावच ‘अखेर’ आहे.”

माझी अडचण खोटी नव्हती. वर्गात मी एम. ए.च्या मुलांना पाठचिकित्सा शिकवतो. आपल्याला आवडणारा पाठ आणि ग्रंथकर्त्याचा पाठ यांत गल्लत करू नका, असे दरसाल घसा कोरडा करून सांगतो. आणि आता स्वतःच्या बापाच्या बाबतीत आवडेल तेच छापू? रागाचा परिच्छेदच त्यांचा शेवटचा शब्द असेल, तर तो गाळणारा मी कोण?

आमची कन्या अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती पोहे खाता खाता म्हणाली, “बाबा, एवढा वाद कशाला? तारीख बघू ना. कोणत्या फाइलीत शेवटचा बदल कधी झाला, ते यंत्र लिहून ठेवतं.”

तिने माझ्या संगणकावर एक काळी खिडकी उघडली. तिच्यात ना चित्रे, ना बटणे, नुसती लुकलुकणारी एक रेघ. संगणकाला उंदीर जोडला जाण्यापूर्वी माणसे यंत्राशी असेच बोलत, म्हणजे आज्ञा लिहीत आणि उत्तर वाचत. तिने ‘डिर’ अशी तीन अक्षरे ठोकली. पडद्यावर यादी उमटली : प्रत्येक ओळीत आधी तारीख, मग वेळ, मग आकार आणि शेवटी नाव. अण्णांनी नावे रोमन लिपीत दिली होती हे बरे, कारण त्या काळ्या पडद्यावर देवनागरीच्या जागी पुष्कळदा नुसत्या चौकटी दिसतात.

“ही जी तारीख दिसते ना,” ती म्हणाली, “ती फाइल कधी जन्मली त्याची नाही. तिच्यात शेवटचं कधी लिहिलं गेलं, त्याची.”

“म्हणजे फेरफाराची!” माझ्या तोंडून गेले. अण्णांच्या घरात वाढलेल्याला दुसरा शब्द सुचणार कसा? जमीन तीच राहते, पण कुणी मेले, कुणी विकली, कुणाची वाटणी झाली, की गाव नमुना सहामध्ये फेरफाराची नोंद पडते आणि तिचा क्रमांक सातबाऱ्यावर चढतो. यंत्रसुद्धा तलाठ्याचेच काम करीत होते तर!

पण यादी पाहून दोघांचीही तोंडे उतरली. ‘आठवणी’ आणि ‘आठवणी नवीन’ या दोन फाइलींवर २ सप्टेंबर २०२४ ही एकच तारीख होती. तोवर अण्णांचे दिवसवारही होऊन गेले होते. आणि ‘अखेर’वर तारीख होती चक्क परवाची.

“बाबा, काय केलंत तुम्ही?” कन्येने पोलिसी आवाजात विचारले.

मी आठवू लागलो. अण्णा गेल्यावर मी त्यांच्या यंत्रातल्या फाइली पेन ड्राइव्हवर घेऊन कॉलेजात नेल्या, तिथून स्वतःलाच ई-मेलने पाठवल्या आणि २ सप्टेंबरला घरी उतरवून घेतल्या. उतरवून घेतलेली फाइल माझ्या यंत्राच्या लेखी त्या दिवशी लिहिली गेलेली नवी फाइल! आणि परवा? परवा मी ‘अखेर’ नुसती वाचायला उघडली होती. पण वाचता वाचता जोडाक्षर नीट दिसेना म्हणून एक जागा मोकळी केली, आणि सवयीने जतनाचे बटण दाबले. त्या एका दाबाने अण्णांची तारीख पुसून माझी चढली. चाळीस वर्षे ज्यांनी दुसऱ्याच्या फेरफारावर सही करताना दहा वेळा चष्मा पुसला, त्यांच्या दप्तरात मुलाने न विचारता खाडाखोड केली होती.

तेव्हा मला पैठणची आठवण झाली. पैठण इथून पन्नासएक किलोमीटर. ज्ञानेश्वरी नेवाशाला शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये पूर्ण झाली. पुढे जवळजवळ तीनशे वर्षे नकलांवर नकला होत गेल्या. नकलणाऱ्यांच्या हातून पाठभेद शिरले, कुणी पदरच्या ओव्या घातल्या. पैठणच्या एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ती शुद्ध केली. आणि काम झाल्यावर गप्प बसले नाहीत. आपण हे केव्हा केले, का केले, ते त्यांनी शेवटी ओव्यांतच लिहून ठेवले आणि पुढे कुणी आपली ओवी मध्ये घुसडू नये असे बजावलेही. चारशेहून अधिक वर्षे मराठी माणूस त्या दोन्ही तारखा जाणतो : रचनेचीही आणि शुद्धीचीही. मी मात्र वर्षभरात तीन फाइलींच्या तारखा घालवून बसलो होतो.

“अजून आशा आहे,” कन्या म्हणाली. “आजोबांचं यंत्र कुठाय?”

ते माळ्यावर होते, चादरीत गुंडाळलेले. आम्ही ते उतरवले, धूळ झटकली, तारा जोडल्या. मी पुढे सरसावलो तशी ती ओरडली, “तुम्ही हात लावू नका!” मी निमूट स्टुलावर बसलो. प्राध्यापकाला वर्गाबाहेर एवढाच मान असतो.

तिने फाइली उघडल्याच नाहीत. काळ्या खिडकीतून नुसती चौकशी केली. ‘डिर’, मग तिरकी रेघ, टी, अपूर्णविराम, सी असे लिहिले की फाइल त्या जागी कधी तयार झाली ती तारीख येते. सी-च्या जागी ए लिहिले तर शेवटची उघडल्याची, पण पुष्कळ यंत्रे ही नोंद नीट ठेवीत नाहीत, तेव्हा तिच्यावर विसंबू नये. डब्ल्यू लिहिले, किंवा काहीच लिहिले नाही, तर फेरफाराची. आणि शेवटी ओ, अपूर्णविराम, डी जोडले की यादी जुन्याकडून नव्याकडे क्रमाने लागते.

मध्येच तिने मला एक चमत्कारिक गोष्ट दाखवली. माझ्या यंत्रातल्या काही फाइलींची तयार झाल्याची तारीख फेरफाराच्या तारखेनंतरची होती. जन्माआधी बारसे! “त्यात चमत्कार नाही,” ती म्हणाली. “विंडोजमध्ये फाइलीची नक्कल केली की नकलेला जन्मतारीख आजची मिळते, पण फेरफाराची तारीख जुनीच राहते. प्रत नवी, मजकूर जुना.” मी मनात म्हटले, हे तर आम्ही पोथ्यांच्या बाबतीत रोज सांगतो. लिनक्सच्या यंत्रांवर साधी नक्कल केली तर फेरफाराचीही तारीख आजची होते. ती राखायची तर नकलेच्या आज्ञेपुढे वजा पी असे मुद्दाम लिहावे लागते. तिथे ‘डिर’ऐवजी ‘एलएस’ वजा एल. सहा महिन्यांहून जुनी फाइल असली तर ही आज्ञा तास-मिनिटे गाळून नुसते वर्ष दाखवते. जुन्या दुःखाची आपण तरी तास-मिनिटे कुठे सांगतो?

अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची या दोघांनी १९६९ पासून युनिक्स नावाची जी व्यवस्था घडवली, तिच्यातून ही पद्धत आली. त्या व्यवस्थेने सुरुवातीपासून फेरफाराची तारीख ठेवली, जन्मतारीख मात्र पुढे पुष्कळ वर्षे ठेवली नाही. तिचा शकही स्वतःचा आहे. १ जानेवारी १९७० च्या ग्रीनिचच्या मध्यरात्रीपासून, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचपासून, ती सेकंद मोजत आली आहे. विंडोजची गणती १ जानेवारी १६०१ पासून, म्हणजे मलिक अंबराने आमच्या शहराच्या जागी खडकी वसवली त्याच्याही नऊ वर्षे आधीपासून. अण्णा असते तर त्यांना नवल वाटले नसते. निजामी दप्तरांवरचा फसली सन वाचताना मनातल्या मनात ५९० मिळवून इसवी सन सांगणारे ते. दप्तर कुणाचेही असो, आधी त्याचा शक विचारावा, हे त्यांना ठाऊक होते.

असो. यादी आली. ‘आठवणी’ : १४ मे २०१९. ‘आठवणी अखेर’ : ११ नोव्हेंबर २०२१. आणि ‘आठवणी नवीन’ : १ जानेवारी २००९, मध्यरात्रीनंतर सत्तेचाळीस मिनिटे.

क्रमाने लावल्यावर ‘नवीन’ सगळ्यांत वर, म्हणजे सगळ्यांत जुनी! माझा चेहरा पडला. म्हणजे माया आधीची आणि राग नंतरचा. बारा-तेरा वर्षे लिहून लिहून माणूस शेवटी कडवटपणावर येऊन थांबला. सौभाग्यवती दारात उभ्या होत्या, त्या काही न बोलता आत गेल्या.

“थांबा,” कन्या म्हणाली. “हे यंत्र घरी कधी आलं?”

“२०११ साली.”

“मग २००९ साली यावर कुणी लिहिलं?”

मी गप्प. तिने पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवले. यंत्र नुकतेच सुरू केले होते आणि त्याच्या लेखी आज होता १ जानेवारी २००९! यंत्राच्या पोटात नाण्याएवढी एक बॅटरी असते. वीज नसताना घड्याळ तिच्यावर चालते. ती संपली की यंत्र बंद करताच घड्याळ विसरते, आणि सुरू केल्यावर कारखान्यात भरून दिलेल्या तारखेपासून पुन्हा चालू लागते. या यंत्राला इंटरनेटही नव्हते की कुणी बाहेरून वेळ सांगावी. म्हणजे ‘नवीन’ फाइल बॅटरी मेल्यावर लिहिलेली, आणि २०२१ ची ‘अखेर’ घड्याळ जिवंत असतानाची. यंत्र खोटे बोलले नव्हते. त्याला जे घड्याळ दिसले तेच त्याने लिहिले. साक्षीदार प्रामाणिक असून चुकीचा असू शकतो, हे कोर्टाच्या पायरीवर वाढलेल्या महसूल खात्याच्या माणसाला वेगळे सांगायला नको.

आता माझी पाळी होती. बाहेरचा पुरावा डळमळला की मजकुराच्या आत पाहावे, हा आमच्या धंद्याचा नियम. मी ‘नवीन’ पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचली, या खेपेला माझ्या प्रतीतून, म्हणजे अण्णांच्या फाइलीला धक्का नको. पावतीचा प्रसंग सुरू होण्यापूर्वी एक वाक्य होते, त्यावरून मी आधी दोनदा घसरलो होतो : ‘काल संध्याकाळी आपले यान चंद्रावर उतरले, आणि आज हे लिहावेसे वाटले.’

चांद्रयान-३ चंद्रावर उतरले ते २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी. म्हणजे ही ओळ २४ ऑगस्टची. ‘अखेर’नंतर एक वर्ष नऊ महिन्यांनी अण्णांनी तो परिच्छेद काढला होता. ‘अखेर’ अखेरची नव्हती आणि ‘नवीन’ खरोखरच नवीन होती. मी मोठ्याने वाचून दाखवले. आतून भांड्यांचा आवाज थांबला आणि सौभाग्यवती म्हणाल्या, “मी पहिल्याच दिवशी सांगत होते.” त्यांना पुराव्याची गरज पडत नाही.

पुस्तिका छापली. रागाचा परिच्छेद मात्र मी पुसला नाही. सातबाऱ्यावर जुने नाव खोडून टाकत नाहीत, त्याला कंस करतात. तसा तो त्याच्या फाइलीत, त्याच्या तारखेसह, जुन्या यंत्रात जसाच्या तसा आहे.

वर्षश्राद्धाला काका आले. जेवणे झाल्यावर ओसरीत बसून त्यांनी पुस्तिका वाचली. पावतीच्या पानावर ते बराच वेळ थांबले. मग चष्मा काढून मला म्हणाले, “हे अण्णानं केव्हा लिहिलं रे?”

तारीख ठाऊक नसती तर मी “शेवटी शेवटी” असे काहीतरी मोघम बोललो असतो. पण मला ठाऊक होती. “२४ ऑगस्ट २०२३. यान उतरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी.”

काका काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “आदल्या रात्री मी त्याला फोन केला होता. अकरा वर्षांनी पहिल्यांदा. लहानपणी रात्री खळ्यावर झोपायचो तेव्हा मी त्याला विचारायचो, चंद्रावर जाता येईल का. तो म्हणायचा, तू शिकलास तर येईल. यान उतरलेलं पाहिलं आणि राहवलं नाही. म्हटलं, ‘अण्णा, उतरलं.’ तो ‘पाहिलं’ म्हणाला. बस्, एवढंच. पुढं दोघांनाही काही सुचेना, म्हणून ठेवला. मला वाटलं, त्याला राग आहे अजून.”

अण्णांनी हा फोन आम्हांला कधी सांगितला नव्हता. त्याची पोच त्यांनी दुसऱ्या दिवशी एका बोटाने लिहून ठेवली, आणि तारीख घालायची ते विसरले. कदाचित त्यांना वाटले असेल, यंत्र घालतेच आहे.

त्या दिवसापासून मी दोन गोष्टी पाळतो. जपायच्या फाइलीच्या नावातच आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहितो, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते. आणि मजकुराच्या शेवटी, अण्णांसारखी, तारीख घालतो. यंत्राची नोंद असावी, पण ती एका नकलेने बदलते आणि नाण्याएवढ्या बॅटरीवर अवलंबून असते. मुद्दाम बदलायची म्हटली तर ‘टच’ नावाची पाच अक्षरांची आज्ञाही आहे. मजकुरात स्वतः घातलेली तारीख मात्र नकलेबरोबर जाते, जशी नाथांची गेली.

आणखी एक गोष्ट मनाशी धरली आहे, ती फाइलींपुरती नाही. माणसाविषयी आपण मत बनवतो ते कुठल्यातरी जुन्या नोंदीवरून. तो अमुक साली असे बोलला, तमुक साली तसे वागला. ती नोंद खोटी नसते. पण तिच्यानंतर फेरफार झाला आहे का, हे आपण विचारीत नाही. काकांनी अकरा वर्षे विचारले नाही, अण्णांनीही नाही, आणि विचारले तेव्हा दोन शब्दांत काम झाले.

काका निघाले तेव्हा मी त्यांना सोडायला फाटकापर्यंत गेलो. ते काही सांगू लागले आणि डोक्यावरून विमान आले. आम्ही दोघेही थांबलो. आवाज विरल्यावर ते हसून म्हणाले, “हं, तर काय सांगत होतो...”

आणि त्यांनी सोडल्या शब्दापासून सुरुवात केली.